पहाटेचा हरिश्चंद्रगड : सहलीच्या पाठाविषयी काही विचार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की आपल्या शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कोठे जावयाचे, किती वर्गणी काढावयाची, वाहन कोणते, शिधा काय न्यावयाचा, याची पुष्कळ चर्चा होते. मुलांनी तेथे काय पाहावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा वाहनात बसल्यावर निघतो. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडास मुले घेऊन जाणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत. परंतु बहुतेक जण उन्ह वर आल्यावर चढू लागतात, दमलेल्या मुलांना भर दुपारी देवळापुढे बसवून खाऊ वाटतात आणि संध्याकाळच्या आत खाली उतरतात. गड चढून झाला, पण पाहून झाला नाही, असे या सहलींचे होते. हा गड पहाटे चढावा, असे माझे मत आहे, व त्याची कारणे शिक्षक बंधुभगिनींपुढे मांडावी यासाठी हा लेख.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,420 मीटर आहे. आपल्या जिल्ह्यात, किंबहुना सर्व महाराष्ट्रात, सर्वांत उंच असलेले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर असून तेही अकोले तालुक्यातच आहे. हरिश्चंद्रगडावर जाण्यास वाटा अनेक आहेत. खिरेश्वराहून तोलार खिंडीने येणारी वाट पुणे जिल्ह्यातून येते, तर बेलपाड्याहून नळीने चढणारी वाट ठाणे जिल्ह्यातून येते आणि ती कसलेल्या गिर्यारोहकांचीच आहे. शाळेच्या मुलांसाठी पाचनईची वाट तेवढी योग्य. दोन ते अडीच तासांत सहावी-सातवीची मुले देवळापाशी पोहोचतात. आदल्या रात्री पाचनईस मुक्काम करावा, गावातील माहीतगार वाटाड्या बरोबर घ्यावा आणि पहाटे चारच्या सुमारास निघावे.

अंधारात मुलांना डोंगरावर नेणे कित्येकांस धाडसाचे वाटेल. दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस असेल, प्रत्येक गटात दोन चांगल्या बॅटऱ्या असतील, आणि पावसाचे दिवस टाळून दसऱ्यानंतर सहल काढली असेल, तर या वाटेवर भिण्यासारखे फारसे नाही. उलट अंधारात मुले आपोआप एका ओळीत चालतात, हा माझा अनुभव आहे. दिवसा तीच मुले शंभर हाका मारूनही ओळीत येत नाहीत.

चढताना अर्ध्या वाटेवर एक उंच कडा डोक्यावर पुढे झुकलेला लागतो आणि वाट त्याच्या पोटाखालून जाते. येथे पाच मिनिटे थांबावे. तोवर पूर्वेला फटफटू लागलेले असते आणि समोरच्या डोंगरांच्या कडा काळ्या रेघांसारख्या दिसतात. त्या सर्व डोंगरांना एकाखाली एक अशा आडव्या पायऱ्या आहेत, हे या वेळी जितके स्पष्ट दिसते तितके भर उन्हात दिसत नाही. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला व थिजला; त्यावर पुन्हा दुसरा थर आला. अशा थरांवर थर बसून दख्खनचे पठार झाले. काही थर कठीण काळ्या पाषाणाचे, तर काही मऊ, सच्छिद्र. पावसाने मऊ थर झिजतो, कठीण थर उभा राहतो. कठीण थराचा कडा झाला, मऊ थराची वाट झाली. ज्या वाटेने मुले चालत आहेत ती कोणी खोदण्याआधी पावसाने आखून ठेवली होती, हे तेथेच सांगावे. पुस्तकातील आकृती फळ्यावर दहा वेळा काढूनही जे समजत नाही, ते येथे हाताने चाचपून समजते.

माथ्यावर आल्यावर देवळात न थांबता आधी कोकणकड्याकडे जावे. देवळापासून तो सुमारे अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, आणि नुसता उभा नव्हे, तर नागाच्या फणीप्रमाणे आत वळलेला आहे. काठापासून सुमारे 450 मीटर सरळ तुटलेला, व पुढील उतार धरला तर कोकणचा तळ हजार मीटरहून अधिक खाली. येथे शिक्षकांनी मन घट्ट करावे. काठापासून पंचवीस-तीस पावले अलीकडे एक दोर धरून दोन मोठी माणसे उभी करावीत आणि मुलांस त्या दोरापलीकडे पाऊल टाकू देऊ नये. काठावर पालथे पडून खाली डोकावण्याची जी पद्धत मोठी माणसे पाळतात, ती मुलांच्या बाबतीत मुळीच अवलंबू नये. दोरापासूनही समोरचे कोकण, डाव्या-उजव्या बाजूस वळलेली कड्याची काळी भिंत आणि खालून वर येणारा वारा पुरेसा अनुभवास येतो.

या कड्यावर सकाळीच का यावयाचे, याचे उत्तर एका दुर्मीळ दृश्यात आहे. खाली कोकणात धुके दाटले असेल आणि पाठीशी नुकताच उगवलेला सूर्य असेल, तर पाहणाऱ्याची सावली समोरच्या धुक्यावर पडते आणि त्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडे दिसते. आपल्याकडे यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावर हे वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिले व दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधात त्याची नोंद केली. तो निबंध 1835 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य पाठीशी यावयाचा तर तो सकाळीच. दुपारी सूर्य डोक्यावर, संध्याकाळी समोर. मग सावली धुक्यावर पडणार कशी? एवढा विचार सातवीचा विद्यार्थी स्वतः करू शकतो. शिक्षकाने फक्त विचारावयाचे.

नेहमीचे इंद्रधनुष्य आणि हे कडे यांत फरक आहे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत प्रकाश शिरून, वाकून, परावर्तित होऊन बाहेर पडल्याने दिसते व त्याची त्रिज्या सुमारे 42 अंशांची असते. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे दिसते. ते कण मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. इतक्या लहान कणांजवळ प्रकाश लाटेसारखा वागतो, आणि आल्या दिशेने परत फिरणाऱ्या या लाटा एकमेकींत मिसळून रंगांची वलये निर्माण होतात. म्हणून हे कडे लहान असते, तांबडा रंग बाहेर व निळा आत. आणखी एक गंमत अशी की, दहा मुले ओळीने उभी असली तर प्रत्येकास ते वलय आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नव्हे! यावरून जो वादविवाद होतो तो थांबवू नये.

स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस नावाच्या पर्वतावर 1894 साली सी. टी. आर. विल्सन या तरुण शास्त्रज्ञाने अशीच वलये पाहिली. ती प्रयोगशाळेत पुन्हा दिसावीत म्हणून तो बंद पात्रात कृत्रिम ढग तयार करू लागला, आणि त्यातून अणूहून सूक्ष्म कणांचे मार्ग दाखविणारे मेघपात्र निघाले. त्यासाठी 1927 साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. डोंगरावरील धुके पाहून एक मनुष्य कोठवर गेला, हे मुलांस कड्यावरच सांगितले तर ते त्यांच्या चांगले लक्षात राहते.

परंतु हेही आधीच सांगून ठेवावे की इंद्रवज्र हमखास दिसत नाही. दोरामागे उभे राहिल्याने ते दिसण्याचा संभव आणखी कमी होतो. धुके काठापर्यंत वर आले तरच ते तेथून दिसेल. मी स्वतः या कड्यावर पुष्कळ वेळा गेलो आहे आणि मला ते एकदाच दिसले. मुलांस न दिसल्यास हळहळ वाटू द्यावी, पण त्यासाठी दोर पुढे सरकवू नये.

धुके नसेल तर दुसरा पाठ तयारच आहे. या माथ्यावर पश्चिमेकडे पडलेले पाणी कोकणात उतरते व अरबी समुद्रास मिळते. काही पावले पूर्वेस पडलेले पाणी मंगळगंगेच्या ओढ्याने पाचनईकडे उतरते, मुळा नदीस मिळते आणि राहुरीजवळील ज्ञानेश्वरसागर जलाशयात साठते. त्याच धरणाच्या उजव्या कालव्याने नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडील शेते भिजतात व त्याच जलाशयातून नगर शहरास पिण्याचे पाणी मिळते. उरलेला प्रवाह नेवासे तालुक्यात प्रवरेस, प्रवरा पुढे गोदावरीस आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. पाथर्डीच्या मुलाने हे पाणी कालव्यात पाहिलेले असते, नळाखाली भरलेले असते. त्याचा उगम त्याने कधी पाहिलेला नसतो. त्याच्या गावी पाऊस जेमतेम, आणि येथे त्याच्या कित्येक पट. एकाच जिल्ह्याचे हे दोन टोकांचे हवामान नकाशावर रंग भरून शिकवता येते, पण पूर्वेकडील शाळेस शक्य असेल तर तिने एकदा तरी हा माथा गाठावा.

आठच्या सुमारास देवळाकडे परतावे. हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ नागर धर्तीच्या उंच शिखराचे असून त्याची घडण सामान्यतः अकराव्या-बाराव्या शतकांच्या आसपासची मानली जाते. शेजारी पुष्करणी आहे. तिच्या एका बाजूस कोरलेले कोनाडे आज रिकामे दिसतात. त्यांत पूर्वी मूर्ती होत्या. देवळाभोवती कातळात खोदलेल्या गुहा आहेत. येथे मुलांस मूर्ती व कोनाडे मोजावयास लावण्यापेक्षा एक साधा भेद दाखवावा. देऊळ बांधलेले आहे आणि गुहा खोदलेली आहे. देवळात दगडावर दगड रचला, म्हणजे घर बांधतात तसे. गुहेत दगड काढून टाकला, म्हणजे विहीर खणतात तसे. आपल्या मुलांनी घरे बांधलेली पाहिली आहेत व विहिरी खणलेल्याही पाहिल्या आहेत, तेव्हा हा भेद त्यांस सांगताक्षणी कळतो. बांधलेल्या देवळात खालचा एक दगड निसटला तर वरचे डळमळते. खोदलेल्या गुहेत खांब हा टेकू म्हणून आणून उभा केलेला नसतो. सभोवारचा दगड काढताना तो तेथेच राहू दिलेला असतो.

हा भेद मी मुद्दाम सांगत आहे. देवळाखालच्या अंगास केदारेश्वराची गुहा आहे. तीत कमरेएवढ्या पाण्यात पुरुषभर उंचीचे शिवलिंग आहे. उन्ह कधीच न पोहोचणाऱ्या त्या पाण्याचा गारठा असा की, पाय घालताच मोठी माणसेही श्वास रोखून धरतात. लिंगाभोवती चार खांब होते. त्यांतील तीन मोडले असून एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे, तीन युगे सरली म्हणून तीन खांब पडले, आणि चौथा पडेल तेव्हा जग बुडेल, असे सर्वत्र सांगतात.

काही वर्षांपूर्वी याच गुहेपाशी एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, हा खांब पडला की आपण सगळे मरणार का?" मी घाईत होतो. खाली उतरावयास उशीर होत होता. "तसले काही नसते, त्या खोट्या गोष्टी आहेत," एवढे बोलून मी पुढे गेलो. ती मुलगी दिवसभर पुन्हा काही बोलली नाही. ती डोंगरालगतच्याच एका वाडीतील होती आणि ही गोष्ट तिला तिच्या आजीने सांगितली होती, हे मला नंतर कळले. म्हणजे मी तिच्या आजीस खोटे ठरविले होते आणि त्याबदली तिला काहीच दिले नव्हते. खांब का मोडले, हे मी सांगितले नाही. ते मोडूनही छत का पडले नाही, हेही सांगितले नाही.

पुढच्या वर्षी मी गुहेपाशी बसलो, घाई केली नाही, व मुलांसच विचारले की, तीन खांब गेले तरी वरचा डोंगर खाली का आला नाही? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, "विहिरीला कुठं खांब असतात?" त्याचे उत्तर बरोबर होते. छत सगळ्या डोंगराशी एकजीव आहे, त्याचा भार चार खांबांवर मुळी नव्हताच. मग खांब का मोडले? ते अखंड पाण्यात उभे आहेत. पाणी बारीक भेगांत शिरते, दगड पाण्याच्या पातळीशी ओला-सुका होत राहतो आणि शतकानुशतके झिजतो. माणसांच्या हातांनी व धक्क्यांनीही झीज वाढते. चौथा खांबही याच पाण्यात आहे, म्हणून त्यास टेकणे, लोंबकळणे, त्यावर नाव कोरणे हे सर्व वर्ज्य. हे झाल्यावर युगांची गोष्ट मी स्वतःच सांगितली आणि ती कोणाकोणाच्या घरी कशी सांगतात ते मुलांकडून ऐकले. तीन निरनिराळे पाठ निघाले. खांबाचा दगड एक सांगतो व गावची गोष्ट दुसरे सांगते. मुले दोन्ही गोष्टी न गोंधळता मनात ठेवू शकतात. गोंधळतो तो आपण.

आता सकाळच्या प्रकाशाचे शेवटचे काम. देवळाच्या परिसरात शिलालेख आहेत. चांगा वटेश्वर अर्थात योगी चांगदेव यांनी आपला 'तत्त्वसार' हा ग्रंथ याच डोंगरावर शके 1234 मध्ये रचला. शकात 78 मिळविले की इसवी सन येतो, म्हणून सन 1312. ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 मध्ये पूर्ण झाली. तिचा सन कोणता व दोन ग्रंथांत अंतर किती वर्षांचे, हे गणित मुलांनी तेथेच करावे. 1290 व बावीस वर्षे ही उत्तरे आली की, मघाचा पाण्याचा मार्ग पुन्हा आठवून द्यावा. ज्या डोंगरावर तत्त्वसार लिहिला गेला, त्या डोंगराचे पाणी नेवाशाच्याच मुलखात उतरते.

झिजलेली अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत, कारण समोरून पडणारा प्रकाश खोलगट भागातही सारखाच भरतो. प्रकाश भिंतीलगत तिरपा आला की प्रत्येक खाचेच्या एका काठाची सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. ज्या भिंतीवर सकाळचे उन्ह तसे येत नसेल, तेथे बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरावी. याची तयारी वर्गात आधी करता येते. ओल्या मातीच्या कौलावर खिळ्याने नाव कोरावे, कौल वाळवावे, खोलीत अंधार करून आधी समोरून व मग बाजूने उजेड टाकावा. एक पैसा न खर्चता हा प्रयोग होतो. मात्र लेखाची अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांत खडू, चुना, तेल किंवा शेंदूर भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अशा भरण्याने कित्येक ठिकाणचे जुने लेख कायमचे बिघडले आहेत. मुलांनी अक्षरे नुसती पाहून वहीत उतरावीत. वाचता आली नाहीत तरी चालेल. 'हे आपले अक्षर दिसते, पण वळण निराळे आहे' एवढे कोणी म्हटले, तरी भाषा बदलते हे त्यास कळले असे समजावे.

व्यवस्थेविषयी दोन शब्द. हा सर्व प्रदेश 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनविभागास आगाऊ कळवावे, पालकांची लेखी संमती घ्यावी, व नेलेला कागद-प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा परत आणावा. पाणी दर मुलास निदान दोन बाटल्या. केदारेश्वराच्या पाण्यात मुलांस उतरवू नये. काठावरून सर्व दिसते.

ज्या शाळांस अकोल्यापर्यंत येणे परवडत नाही, त्यांनी नगरच्या पूर्वेस डोंगरावर दिसणाऱ्या अष्टकोनी इमारतीस पहाटे जावे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, पण ती वस्तुतः निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. नाव एकाचे व वास्तू दुसऱ्याची कशी झाली, यावर मुले तासभर बोलतात. तेही जमत नसेल तर गावच्या वेशीतील वीरगळ आहेच. सूर्योदयाच्या वेळी, तिरप्या प्रकाशात, त्यावरील घोडेस्वार कोठे लढतो आहे व वरच्या चौकटीत तो कोठे पोहोचला आहे हे प्रथमच नीट दिसेल.

हरिश्चंद्रगडावरून साडेदहाच्या आत उतरावयास लागावे. उतरताना मुलांची मोजणी तीनदा करावी : देवळापाशी, झुकलेल्या कड्याखाली, आणि पाचनईच्या पहिल्या घरापाशी.